बैलाचा आवाज

सोयाबीन काढणीला आलं की आमच्या शाळेच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात. कुंपणाला लागूनच शेतं आहेत. मळणीयंत्र सुरू झालं की त्याचा भुसा वर्गात येतो, वह्यांवर बसतो, पोरांच्या भुवयांवर बसतो. खिडक्या लावल्या की उकडतं, उघडल्या की सगळा वर्ग खोकतो. आश्विनातलं ऊन असं की दुपारी स्कूटीच्या सीटवर ओला रुमाल टाकल्याशिवाय बसता येत नाही. याच दिवसांत पहिल्या सत्राची परीक्षा येते, आणि याच दिवसांत तांड्यावर कोयते बाहेर काढून त्यांना धार लावायला सुरुवात होते. दिवाळी झाली की ट्रॅक्टर येतात आणि अर्धा तांडा ऊसतोडीला जातो. आम्ही पोरांचे गुण लिहीत असतो आणि त्यांच्या आया गोधड्या बांधत असतात.

गेल्या वर्षी बदलीच्या फेऱ्यात मी पुन्हा याच शाळेवर आले. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावहून आत पाच-सहा किलोमीटरवर हा बंजारा तांडा. बावीस वर्षांपूर्वी माझ्या नोकरीची पहिली वर्षं इथेच गेली. तेव्हा दोन खोल्या होत्या, आता चार आहेत. भिंतींवर चित्रं आहेत, टीव्ही आहे, वीज असली तर तो चालतोही. बदललेला नाही तो दुसरीच्या तोंडी परीक्षेतला एक प्रश्न. प्राण्यांचे आवाज सांगा. गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, कोंबडा आरवतो. मोराचा केकारव, हत्तीचा चीत्कार, माकडाचा भुभुःकार. आमच्या हिंगोलीकडे हत्ती येतो तो कधीतरी एखाद्या साधूच्या मागे, दारोदार सोंड पुढे करत, आणि तोही बिचारा गपच असतो. पण चीत्कार पाठ पाहिजे, त्याला गुण आहेत.

या आठवड्यात तो प्रश्न मी पुन्हा विचारला. पोरांनी पटापटा उत्तरं दिली. आजकाल तीही टीव्हीवर मराठीच ऐकतात. मी प्रत्येकापुढे बरोबरची खूण करत गेले, आणि प्रत्येक खुणेला मला एकच मुलगी आठवत राहिली.

तिच्याकडे वळण्याआधी थोडं इकडेतिकडे करते. तिच्यापाशी जायला मला अजूनही जड जातं.

आवाजांचा नाद मला पहिल्यापासून. लग्नानंतर हिंगोलीत आम्ही भाड्यानं राहायचो तेव्हा शेजारी रजियाआपा होत्या. दोन्ही घरांच्या मागे मिळून एकच डबकं. पावसाळ्यात त्यातले बेडूक आमच्या बाजूला डराव डराव करत आणि आपांच्या बाजूला टर्र टर्र. आमचा पोपट विठू विठू म्हणायचा, त्यांचा मिठ्ठू मियाँ होता. डीएडला असताना खोलीवर देगलूरकडची एक मैत्रीण होती, घरी तेलुगू बोलणारी. तिचा कोंबडा कोक्कोरोको करायचा. मी म्हणायचे, अगं कोंबडा कुकूचकू करतो, साऱ्या जगाला माहीत आहे. शेवटी खऱ्या कोंबड्यालाच विचारायचं ठरलं. पहाटे उठून दोघी गच्चीवर बसलो. कोंबडा आरवला आणि दोघी एकदमच म्हणालो, "बघ! सांगत नव्हते मी?"

पावश्या 'पेरते व्हा, पेरते व्हा' ओरडतो असं आम्ही शेतकऱ्यांची पोरं ऐकत वाढलो. तेच पाखरू हिंदीत 'पी कहाँ' म्हणून आपल्या माणसाची वाट बघतं. इंग्रज साहेबांना म्हणे त्याच्या ओरडण्यात 'ब्रेन फीवर', डोक्यात ताप चढल्याचं ऐकू येई. पाखराला यातलं काही ठाऊक नसतं. ज्याला जी काळजी तेच त्याच्या कानी पडतं. हे मला फार पूर्वीपासून कळत होतं, आणि मैत्रिणींच्या घोळक्यात मी ते रंगवून सांगतही असे. वर्गात शिरले की मात्र उत्तर एकच असायचं, पुस्तकातलं.

तर ती मुलगी. जमना. तांड्यावरच्या वसरामची थोरली लेक, दुसरीत होती. तेलानं चापून बसवलेले केस, गळ्यात काळा दोरा, आणि वर्गात तोंड न उघडण्याची शपथ घेतल्यासारखी गप्प. तांड्यावर घराघरांत गोरमाटी बोलतात. मला त्यातलं याडी म्हणजे आई आणि बापू म्हणजे वडील एवढंच येत होतं, आणि तिला माझी भाषा साधारण तितकीच. या हिशेबानं आम्ही दोघी बरोबरीच्या होतो. पण खुर्ची माझ्याकडे होती.

असेच दिवस होते. बाहेर मळणी चाललेली, वर्गात भुसा. मी विचारलं, "जमना, गाय कशी ओरडते?"

ती म्हणाली, "कवा?"

मला वाटलं, पोरगी उलट बोलते. "कवा म्हंजी? गाय कशी ओरडते ते सांग."

ती माझ्याकडे बघत राहिली. आज मला कळतं, तिला खरंच विचारायचं होतं की कधीची गाय. वासरू दिसत नाही तेव्हाची, तहानलेली, की विण्याच्या घाईला आलेली. तिच्या घरच्या गाईला एकच आवाज नव्हता. माझ्या पुस्तकातल्या गाईला एकच होता.

"बरं," मी म्हणाले, "बैलाचा आवाज काढून दाखव."

आता तिचा चेहरा खुलला. ती उभी राहिली, परकर नीट केला, ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली. लांब, खालच्या सुरातली, सावकाश. थांबली, श्वास घेतला, पुन्हा घातली. काहीतरी नीट जमल्याचा आनंद तिच्या तोंडावर होता आणि मी शाबासकी देईन म्हणून ती माझ्याकडे बघत होती.

सगळा वर्ग खो खो हसला. मी टेबलावर पट्टी आपटली. "पोरीच्या जातीनं शीळ घालून राहिलीस? लाज न्हाई वाटत?"

ती खाली बसली. त्यानंतर मी विचारलेल्या एकाही प्रश्नाला तिनं उत्तर दिलं नाही. नोंदवहीत तिच्या नावापुढे मी लिहिलं, 'प्रतिसाद नाही.'

आता कबूल करायला हवं. ती शीळ मला पहिल्या श्वासातच ओळखू आली होती.

माझं माहेर जवळा बाजारजवळचं. आमच्या विहिरीपाशी दगडी हौद होता. संध्याकाळी औत सुटलं की आमचे दादा, म्हणजे वडील, बैलांना हौदावर आणत आणि शेजारी उभे राहून अशीच शीळ घालत. लांब, खालच्या सुरातली. शीळ चालू असेपर्यंत बैल पाण्यातून तोंड काढत नसत. त्यांच्या गळ्याखालून पाण्याचा घोट सरकताना दिसायचा, कान मागेपुढे हलायचे. ओल्या मातीचा आणि शेणाचा वास यायचा. दादा एरवी तापट माणूस, पण त्या वेळी त्यांच्याइतकं शांत माणूस मी दुसरं पाहिलं नाही. एकदा त्यांना कुणीतरी हाक मारली म्हणून ते गेले, आणि बैलांनी माना वर केल्या. मी पुढे झाले आणि शीळ घातली. बैल पुन्हा प्यायला लागले. मला इतका आनंद झाला की मी तो आईला दाखवायला शीळ घालतच घरात गेले. आईनं तोंडावर चापट मारली. "पोरीच्या जातीनं!" एवढंच म्हणाली.

वर्गात माझ्या तोंडून जे निघालं ते आईचं होतं, सूरसुद्धा तिचाच. पण पट्टी माझ्या हातात होती आणि नोंदवहीसुद्धा माझीच. मी शिकले, साडी नेसून खुर्चीवर बसले, आणि ज्या हौदापासून आले तो हौद एका पोरीनं वर्गाच्या मधोमध आणून ठेवला. मला तिची नाही, माझी लाज वाटली होती. हे उमजायला मला बरीच वर्षं लागली.

एवढ्यावर निभावलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पोरांना रागावणारे मास्तर कमी नसतात आणि पोरं विसरतातही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली त्या दिवशी वसराम शाळेत आला. चप्पल पायरीखाली काढून, टोपी हातात घेऊन उभा राहिला. उंच, हडकुळा माणूस, डोळे जमनासारखेच. म्हणाला, "बाई, आमी परवा निघून राहिलो कारखान्यावर. पोरीला मागं ठेवावं म्हणतो. आजा हाय घरी, त्याच्यापाशी ऱ्हाईल, शाळेत येईल. तिची याडी न्हाई म्हणून राहिली, धाकट्या लेकराला कोण सांभाळंल म्हणते. तुमी सांगा. शिकंल का ती?"

त्या वर्षी आमच्या शाळेची तपासणी होती. वर्गात किती पोरांना वाचता येतं, किती पोरं अप्रगत, याचे तक्ते भिंतीवर लावायचे होते. जमना गेली असती तर माझ्या तक्त्यातला एक कच्चा आकडा कमी झाला असता. हा विचार मी मुद्दाम केला असं नाही, पण तो मनात होता. मी म्हणाले, "खरं सांगू का वसरामभाऊ? हिचं डोकं अभ्यासात चालत न्हाई. उगाच मागं ठेवून काय करता? घेऊन जा."

त्यानं पायरीखालची चप्पल पायात घातली. मग म्हणाला, "तुमी म्हणता तर बराबरच असंल." टोपी डोक्यावर ठेवली आणि गेला. त्याला रजा द्यायला मला चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळ लागला.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. गोधड्या, भांडी, कोंबड्यांची टोपली, आणि सगळ्यांच्या वर बसलेली पोरं. जमना धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. शाळेवरून जाताना इतर पोरांनी हात हलवले.

पौषात एका सकाळी मी तांड्यावर हजेरीसाठी फिरत होते. जमनाचा आजा, थावरा आजा, हौदावर दोन गाई आणि एक म्हातारा बैल घेऊन उभा होता. आणि शीळ घालत होता. मी थांबले. त्यानं शीळ न तोडता मानेनंच राम राम केला. जनावरांनी पोटभर पाणी पिऊन माना वर केल्या तेव्हा तो बोलला. "वाजवावं लागते बाई. न्हाई तं अर्ध्या पोटीच मान वर करतेत."

मी त्याला सांगितलं की परीक्षेत जमनाला बैलाचा आवाज विचारला तर तिनं शीळ घातली. आता तो हसेल असं मला वाटलं. पण तो म्हणाला, "मंग बराबर केलं की पोरीनं." आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यानं मला समजावलं, लहान पोराला समजावतात तसं. "बैल काहून वरडंल? त्याचं त्याच्यापाशी. आमच्यात बैलाचा आवाज मंजी आपून बैलाला देतो तो. पाण्याचा येगळा, वाटंचा येगळा, भेला तर येगळा. माझा बाप लदेणीवर गेलेला माणूस. बैलाच्या पाठीवर मीठ-धान लादून मुलूखभर हिंडायचे. सोयरीक जमवायला आले तरी पैलं इचारायचे, पोराला बैलाचा आवाज येतो का? ज्याला येत न्हाई त्याच्या हाती दावं देत नव्हते. जमनाला मीच शिकवला. आमच्या घरात तिच्याएवढा कुणाला येत न्हाई."

मी तिथून कशी शाळेत आले ते मला आठवत नाही. वर्गात फळ्यासमोर उभी राहिले आणि फळा पुसत राहिले. आपण कोंबड्यांना तीतीती करतो, मांजराला शुकशुक, कुत्र्याला यू यू. प्रत्येक गावात, प्रत्येक घरात जनावरांशी बोलायची एक भाषा असते आणि तिचं एक अक्षर कुठल्या पुस्तकात नाही. आम्ही विचारतो, जनावर काय म्हणतं? तांडा पिढ्यानपिढ्या विचारत आला, तुम्ही त्याला काय म्हणता? दुसरा प्रश्न जास्त जबाबदारीचा आहे. आठ वर्षांच्या मुलीनं त्याचं उत्तर मला उभं राहून दिलं होतं.

ते परत आले की वसरामला सांगायचं, असं मी ठरवलं. ते चैत्राच्या शेवटी परत आले. जमना शाळेत दोन दिवस दिसली, मग धाकटा भाऊ आजारी पडला म्हणून आली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता उन्हाळा लागला आणि माझा बदलीचा हुकूम आला. मी गेले. पुढे वसमतकडे, औंढ्याकडे, चार शाळा झाल्या. चांगल्या बाई म्हणून नाव झालं. कुठल्याही तोंडी परीक्षेत एखाद्या पोरानं 'कवा?' विचारलं की मी पेन खाली ठेवून त्याचं ऐकायचे. लोक म्हणायचे, बाई पोरांना किती वेळ देतात.

गेल्या सोमवारी दुपारच्या सुट्टीत एक बाई शाळेच्या पायरीपाशी आली. तिशीची असेल. हात कोयता धरून धरून जाड झालेले, एका बोटाला जुना व्रण. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. बाईनं वाकून माझ्या पायांना हात लावला.

"वळखलं का बाई? मी जमना. वसरामची."

मी तिला खुर्ची दिली, ती पायरीवरच बसली. हिंगोलीच्याच अलीकडच्या एका तांड्यावर तिला दिलेली, पण नवरा या पावसाळ्यापासून सासूला घेऊन इथेच घर करून राहिलेला. दरवर्षी ऊसतोडीला जातात, बैलगाडीवर. ती मोकळेपणी बोलत होती. मी घाबरत घाबरत विचारलं, "बैलाचा आवाज येतो का अजून?"

ती हसली. "न्हाई येऊन कसं चालंल? दोन सालामागं कर्नाटकातली जोडी घेतली. आपली हाक त्यांना कळंच ना. थांबावं म्हणून हो म्हणलं तर चालायचे, चल म्हणलं तर उभे. कानडी बैल, त्यांना कानडीच येती. कारखान्यावरच्या एका कानडी बाईकडून हाका शिकून घेतल्या तवा कुठं जमलं. पण पाण्यावर शीळ घातली तं पैल्याच दिशी प्याले बघा. शीळ समद्यांचीच एक."

मग ती गंभीर झाली. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "बाई, हिला इथंच ठेवून राहिले. सासू बघंल. तुमी बदलून आल्या असं कळलं तवाच ठरवलं. तुमी माझ्यासाठी किती म्हणल्या बापूला, ते मला ठावं हाय."

मला कळेना. "मी काय म्हणाले?"

"ट्रॅक्टरात बसताना मी रडत व्हते, मला शाळंत जायचं म्हणून. तवा बापूनंच सांगितलं. बाई लई म्हणल्या, पोरगी हुशार हाय, मागं ठेवा. मीच न्हाई म्हणलं, घरी हात कमी पडतेत." बापूचं नाव घेताना तिचा आवाज कोरडा झाला. "उसाच्या फडातच गेला तो, तीन साल झाले."

मला वसराम दिसत होता, टोपी हातात घेऊन उभा राहिलेला. एवढ्याशा रडणाऱ्या पोरीला 'तुझं डोकं चालत नाही असं बाई म्हणाल्या' हे त्याला सांगवलं नाही. म्हणून माझा दोष त्यानं स्वतःवर घेतला, आणि मला वर मोठेपणा दिला. शाळा न पाहिलेल्या माणसानं. आणि मी तो मोठेपणा बावीस वर्षं नकळत भोगत होते.

गप्प बसणं सोपं होतं. वसराम नाही, थावरा आजा त्याच्याही आधी गेलेला. त्या दिवशी पायरीवर मी आणि वसराम दोघंच होतो. मी गप्प बसले असते तर जमना हसत गेली असती. पण तिचा तो कोरडा आवाज माझ्या कानातून जाईना. तो माझ्यामुळे कोरडा झाला होता, आणि ज्याच्यावर तिचा राग होता तो उत्तर द्यायला नव्हता.

मी तिच्याजवळ पायरीवर बसले. म्हणाले, "जमना, बापूनं तुला खरं सांगितलं न्हाई. तो तुला ठेवायलाच आला होता. माझ्यासमोर टोपी काढून उभा होता. शिकंल का पोरगी, म्हणून विचारत होता. घेऊन जा, असं मी म्हणाले. हिचं डोकं चालत न्हाई, हे मी म्हणाले. तू शीळ घातलीस ती बरोबर होती आणि ते मला माहीत होतं."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पदराच्या टोकाला पीळ घालत बसली. बाहेर पोरं खेळत होती, त्यांचा गलका चालू होता. बऱ्याच वेळानं उठली, लेकीला गोरमाटीत काहीतरी सांगितलं आणि पाठीवर हात ठेवून तिला वर्गाच्या दारातून आत ढकललं. मुलगी जाऊन दुसऱ्या रांगेत बसली.

जमना माझ्या पाया न पडता फाटकापर्यंत गेली. तिथे थांबली. मागे न वळताच म्हणाली,

"जीव जाईस्तोवर मी बापूशी धड बोलले न्हाई, बाई."